ढकलायचा बैल

धंतोली, नागपूर
मंगळवार, २२ ऑगस्ट १९७८

चि. सौ. वच्छला हिस,

शामलाताईचे अनेक आशीर्वाद. चंद्रभानरावांना नमस्कार. इकडे मी ठीक आहे. गुडघा दुखतो, पण त्याच्या वेळेला दुखतो, माझ्या कामात आडवा येत नाही. तुझ्या कमरेबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणजे ती चांगलीच दुखत असणार. बरी असती तर तू तिचं कौतुक दोन ओळी केलं असतंस. काटोलच्या डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलं तेव्हा तू त्यांना हो म्हणालीस, असं तुझा रविंद्र सांगत होता. तुझं 'हो' मी परकरात होते तेव्हापासून ऐकते आहे, त्यामुळे मी त्यावर काही बोलत नाही. पाऊस इकडे बेताचा आहे. तुमच्याकडे कपाशीला पुरला असेल अशी आशा करते.

तुझं कार्ड शनिवारी पोचलं. 'ताई, तान्ह्या पोळ्याले कुंदीचा वाढदिवस हाये, मी येऊन राहिली, पोरीले काय आणू ते लिही, चांदीचे पैंजण आणू का बोलकी बाहुली आणू.' (मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई आहेस. बोलताना काय हवं ते बोल, पत्रात तरी 'पोरीला' लिहीत जा.) प्रश्न तुझा एका ओळीचा आहे, पण उत्तर एका ओळीत मावणार नाही. याच प्रश्नापायी मी गेला दीड महिना अख्खं नागपूर पालथं घातलं आहे, आणि त्यात माझे जे हाल झाले ते तुझ्या सुनेकडून, रत्नमालेकडून, तिखटमीठ लागून तुझ्यापर्यंत पोचण्याआधी मीच लिहिलेले बरे.

जूनमध्ये रविंद्र कुंदीला मेडिकलला घेऊन गेला तेव्हा मी बरोबर होते. डॉक्टर काय म्हणाले ते रविंद्रने तुला कळवलं असेलच, पण मला त्या पोराचा स्वभाव माहीत आहे, त्याने त्यातलं गोड तेवढंच कळवलं असेल. म्हणून सगळं लिहिते. डॉक्टर म्हणाले, जन्माच्या वेळी जे झालं ते झालं, त्यामुळे बोलणं आणि चालणं मागे पडलं, पण पायांत जोर आहे. तो वापरायला मिळत नाही, कारण मुलीचे पाय जमिनीला लागतच नाहीत. उचलणं कमी करा. उभं राहून ढकलता येईल असं काहीतरी द्या. चालेल, आपल्या पद्धतीने चालेल, पण यंदा सुरुवात झाली पाहिजे, पुढे पुढे अवघड होत जाईल. रविंद्रने हे सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली, आणि मुलीला कडेवर उचलून घरी आला.

तेव्हाच मी ठरवलं की यंदा वाढदिवसाला मी पोरीला उभं राहायचं कारण देईन. वस्तू कोणतीही चालेल, पण तिच्यासाठी कुंदीला स्वतःच्या पायांवर यावं लागलं पाहिजे.

पहिली स्वारी बर्डीवर. खेळण्यांचं एक मोठं दुकान आहे तिथे गेले (नाव लिहीत नाही, मालकाची बायको माझ्या वसतिगृहात होती आणि तिला मी जे बोलले आहे तेवढंच त्या घराला पुरे). मालकाने विचारलं, मूल केवढं? म्हटलं, पाचवं पूर्ण होतं आहे. मग मी खरं ते सगळं सांगितलं, की अजून चालत नाही, बोलते थोडं, कळतं मात्र सगळं. झालं. त्या माणसाचा चेहरा देवळाच्या पायरीवर होतो तसा झाला. आवाज उतरला. आत गेला आणि एक गुलाबी खुळखुळा घेऊन आला. 'हा द्या मावशी, असल्या लेकरांना आवाज आवडतो.' मी त्याला त्याचं वय विचारलं. चाळिशीचा होता. म्हटलं, तुम्हाला दुपट्यात गुंडाळून अंगाई म्हटली तर चालेल का? तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं बाहेर गेली, त्याला माझा इलाज नाही. अगं, ही पोरगी तिचा बाप चप्पल घालून 'ऑफिसात जातो' म्हणाला की हसते! ऑफिसला बूट लागतात आणि पत्ते कुटायला चप्पल, हे रत्नमालेच्या लक्षात यायला चार वर्षं लागली, कुंदी तिला रोज बोटाने दाखवत होती. तिच्याकडे शब्द थोडे आहेत हे खरं, पण त्यांतला एक 'हट' आहे, आणि मी इतकी वर्षं मुलींचं वसतिगृह चालवलं तेव्हा मलाही त्याहून जास्त काही लागलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी तीनचाकी सायकल घेतली. पायांची सायकल म्हणजे पायांना काम, असा साधा हिशोब. कुंदीला तिच्यावर बसवलं, पाय पायडलवर ठेवले, ते घसरले, पुन्हा ठेवले, पुन्हा घसरले. कुंदीने एकदा खाली पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग शेजारच्या मारोतरावांकडे पाहून 'हट' म्हणाली. मारोतराव रेल्वेत गार्ड होते हे तुला माहीत आहेच. निवृत्त झाल्यापासून त्यांची शिट्टी खुंटीला होती. ती त्यांनी त्या दिवशी काढली. संध्याकाळभर हा गृहस्थ शिट्टी वाजवत कुंदीला अंगणात ढकलत होता, कुंदी राणीसारखी बसून होती, आणि तिचे दोन्ही पाय कलेक्टरच्या दौऱ्यात तलाठी बसतात तसे गप्प बसून होते. कडेवर होती ती चाकांवर आली, एवढाच काय तो फरक. सायकल आता मारोतरावांच्या ओट्यावर असते. ती पहिल्यापासून त्यांनाच हवी होती असा मला संशय आहे.

तिसऱ्या खेपेचं लिहायचं नव्हतं, पण लिहिते. बुधवार बाजारात मला पांगुळगाडा दिसला. आपण सगळी भावंडं ज्याला धरून चालायला शिकलो तोच, लाकडी, तीन चाकांचा. उभं राहून ढकलायचा. डॉक्टरांनी सांगितलेली वस्तू नेमकी हीच, आणि इतके दिवस आपण दुकानं धुंडाळत होतो याची मला लाज वाटली. रिक्षात घालून तडक रविंद्रकडे नेला. रत्नमालेने तो पाहिला आणि आत जाऊन चहा करून आणला. चहात साखर नव्हती. मग हळूच म्हणाली, 'मावशी, नळावर बाया माझ्या पोरीले याच्यातला अर्धा शब्द म्हणतेत. मी तो घरात येऊ देत नाही.' वच्छला, मला गप्प करणारी माणसं थोडी आहेत आणि त्यांतली बरीचशी वारली. मी तो अगोड चहा प्यायले आणि पांगुळगाडा तसाच परत नेला. तो फार ठेंगणाही होता म्हणा, वर्षाच्या लेकरासाठी केलेला, कुंदीला त्याच्यावर वाकून दुमडून जावं लागलं असतं. पण परत नेण्याचं कारण ते नव्हतं.

रिक्षातून उतरले तर समोर लहानू सुताराचं दुकान. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल मांडून ठेवलेले, वीतभर उंचीच्यापासून बकरीएवढ्यापर्यंत, रंग अजून ओला. मी तो पांगुळगाडा हातात धरून त्या बैलांकडे पाहत उभी राहिले आणि मला एकदम कळलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या या गावातलं एकूणएक लेकरू चाकाचा लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतं. त्या दिवशी कुंदीच्या हातात बैल असेल तर कोण विचारणार की ही पोर बैलाला धरून का चालते? आणि तो तिचा जन्मदिवसही (आपण तिथी धरतो हे पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडलं). फक्त बैलाच्या पोटात पांगुळगाड्याची हाडं घालायला हवीत.

लहानूला हे पटेना. बैल करण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या महाल भागात कोणी नाही असं त्याचं स्वतःचं मत आहे. म्हणाला, 'बाई, बैल वढाचा असते. दोरी लावाची अन् वढाची. ढकलाची ते हातगाडी.'

मी विचारलं, 'तुझा बाप वखराच्या वेळी बैलांच्या पुढे चालायचा की मागे?'

'मांगं.'

'मग?'

'पण माहा बाप ढकलत नव्हता नं बाई बैलाले! ढकललं असतं त बैलानं लाथ नसती घातली?'

यावर मी फक्त आवाज चढवला. शेवटी असं ठरलं की बैलाची शेपटी वर उचलून मागे आणायची, तिच्या टोकाला आडवी मूठ बसवायची, आणि पोरीने शेपटी धरून बैल हाकायचा. हाकणं म्हटल्यावर लहानूच्या जिवात जीव आला. ढकलणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं, हाकणं बसलं. मग त्याने विचारलं, पोरीचा हात कुठवर येते?

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. फ्रॉक शिवायचा आहे असं सांगून मी शिंप्याची टेप घेऊन रविंद्रकडे गेले, आणि तिथे मला कळलं की या घरात कुंदीची उंची कोणालाच ठाऊक नाही. वजन सगळ्यांना ठाऊक आहे. महिन्यात किती वाढलं, तापानंतर किती उतरलं, बाप सांगतो, आई सांगते, समोरची दूधवाली सांगते, कारण प्रत्येकाने ते उचलून पाहिलेलं आहे. उंची कशी कळणार? उंचीला माणूस उभं लागतं. मी तिला दाराच्या चौकटीशी उभी केली. रत्नमालेने काखेत धरलेलं. मी म्हटलं सोड, ती म्हणाली पडेल, मी म्हटलं मला धरेल, ती म्हणाली तुम्हाला कुठी धरेल. कुंदीने तोवर माझ्या निऱ्या दोन्ही मुठींत धरून टाकल्या होत्या. रत्नमालेने हात काढले. पोरगी उभी राहिली. मी खडू घेऊन खाली वाकले, आणि माझ्या साठीच्या वर गेलेल्या आयुष्यात कधी झालं नव्हतं ते झालं, म्हणजे निऱ्या सुटल्या. रत्नमालेला हसावं की माझा पदर सावरावा ते कळेना, पण खडूची रेघ मी सरळ मारली आणि मगच साडीकडे पाहिलं. रेघ अजून त्यांच्या चौकटीवर आहे. रत्नमाला ती पुसू देत नाही.

लहानूने पुढे रोज 'उद्या' सांगितलं. त्यात नवल नाही. नवल हे की मी मुठीची उंची दिली होती, बैलाची दिली नव्हती. शेपटी एवढ्या उंच असेल तर बैल त्या मानानं पाहिजे, नाहीतर लोक त्यालाच नावं ठेवतील, असा त्याने विचार केला. मी पाहायला गेले तर दुकानात एक गोऱ्हा उभा! पांढराशुभ्र, डोळे काजळ घातलेले, खांदा माझ्या कमरेला. शिंगं काढल्याशिवाय तो दुकानाच्या दारातून बाहेर येईना. सायकलरिक्षात त्याला बसवला तर मला जागा उरेना, म्हणून मी त्याच्या मानेभोवती हात टाकून कशीबशी टेकले, मांडीवर शिंगं घेतली, आणि अशी ही वरात भर दुपारी महालातून धंतोलीला निघाली. कॉटन मार्केटच्या चौकात पोलिसाने वाहतूक थांबवून आम्हाला आधी सोडलं (बैलाला सोडलं असावं). वाटेत स्कूटरच्या मागे बसलेली एक बाई दिसली, ती माझ्या वसतिगृहातली होती. तिने जुन्या सवयीने मान खाली घातली. पुढे तिचे खांदे हलत होते हे मी पाहिलं आहे.

आता गल्लीत जे झालं ते ऐक, म्हणजे रत्नमालेचं ऐकताना ताळा करता येईल. मी कुठलीही वस्तू लेकराच्या हातात देण्यापूर्वी स्वतः वापरून पाहते. आमच्या गल्लीला नाल्याकडे उतार आहे. सकाळी रस्ता रिकामा पाहून मी बैल गल्लीच्या वरच्या टोकाला नेला, शिंगं लावली, शेपटी धरली आणि हाकला. लहानूने चाकांना तेल फार मन लावून घातलं होतं. बैल आधी माझ्या वेगाने चालला, मग मी बैलाच्या वेगाने चालू लागले, आणि जोशांच्या फाटकापासून पुढे आम्ही दोघं पळत होतो. सोडता येईना, कारण सोडला तर नाल्यात जाणार, आणि धरला तर मी जाणार. शाळेला निघालेली पोरं 'हौक रे बैला' करत मागे लागली. शेवटी मी सगळा जोर लावून शेपटी पिरगाळली (खऱ्या बैलाला पिरगाळतात तशीच, लहानपणी शेतात पाहिलेलं काही वाया जात नाही) आणि बैल वळून मारोतरावांच्या फाटकातून आत शिरला आणि त्यांच्या ओट्याला थडकून उभा राहिला.

आवाज ऐकून अंजनाबाई बाहेर आल्या. मारोतरावांच्या बायकोला आता डोळ्यांनी कमी दिसतं, आणि तिथी-वार त्यांना गल्लीच्या आवाजावरून कळतात. दारात लाकडी बैल, मागे पोरांचा कालवा. त्या बिचारीला वाटलं तान्हा पोळा आला आणि आपल्याला कोणी सांगितलंसुद्धा नाही. लगबगीने आत गेल्या, ताट घेऊन आल्या, बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळला, आणि बैलवाल्या लेकराला बोजारा द्यायचा तो देण्यासाठी शेपटीकडे आल्या. शेपटीला मी होते. त्यांनी माझ्या हातात एक करंजी ठेवली, वर सुटे पैसे ठेवले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, 'कोन्हाची वं तू? मोठी झाली पाय.' मारोतराव खांबाला धरून खाली बसले. त्यांनी शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला पण हसण्याने त्यांना फुंकता येईना. मी करंजी खाल्ली. दिलेला बोजारा परत करत नाहीत. (करंजी चांगली होती, सारण थोडं कोरडं.)

त्यानंतर मी बैलाच्या पोटाला झाकण करून घेतलं आणि आत माझा वरवंटा बसवला. आता तो जडशीळ, समजूतदार चालतो, ढकलाल तेवढाच जातो आणि थांबाल तिथे थांबतो. मुठीला माझ्या जुन्या साडीची पट्टी गुंडाळली आहे.

बैल मी वाढदिवसापर्यंत झाकून ठेवणार होते. परवा रविवारी रविंद्र, रत्नमाला आणि कुंदी जेवायला आली. बैल व्हरांड्यात चादरीखाली. पण लहानूच्या शिंगांना कोणती चादर पुरणार? कुंदीने आल्या आल्या ती टोकं पाहिली आणि आईच्या कडेवरून अशी खाली कलली की रत्नमालेला तिला सोडावंच लागलं. मी चादर ओढली. बैल अंगणात उतरवला, तिला मागे उभी केली. तिने शेपटी दोन्ही हातांनी धरली, बैलाच्या पाठीवरून पुढे पाहिलं, आणि निघाली.

वच्छला, ती कशी चालते ते तुला सांगते, कारण आपल्यापैकी कोणी हे आजवर पाहिलेलं नव्हतं. डावा पाय पुढे जातो. उजवा थोडा विचार करतो. मग तो येतो. मग ती तोंडाने एक 'हं' करते, आणि पुन्हा डावा. पायरीपासून पेरूच्या झाडापर्यंत ती अशी गेली. रविंद्रच्या हातात कपबशी होती, ती त्याने खाली ठेवली नाही आणि प्यायलाही नाही. मारोतराव कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून पाहत होते, शिट्टी तोंडात, पण वाजवली नाही.

पेरूपाशी चाक फरशीच्या कडेला अडलं. बैल थांबला, कुंदीची मूठ सुटली आणि ती मागच्या मागे बसली. पडली म्हणण्यासारखंही नव्हतं. पण मग जे झालं ते दंगलीत होतं. रविंद्रने कपबशी टाकून दिली. रत्नमाला किंचाळली. कंबर धरल्याची तक्रार गेले सहा महिने ऐकवणारे मारोतराव भिंतीवरून उडी मारून आले. अंजनाबाई फाटकातून 'पडलं वं लेकरू, पडलं वं' करत धावल्या, त्यांना तर नीट दिसतही नाही. एकाच्या हाती पोरीचा हात, दुसऱ्याच्या हाती पाय. कोणी साखर आणली, कोणी हळद. रत्नमालेने बैलाला चापट मारली, 'हात रे बैला, माह्या बाईले पाडते का', आणि ते पाहून कुंदीने असा टाहो फोडला की सगळ्यांची खात्रीच पटली की हाड मोडलं. लागलं, फार लागलं, करत तिला कडेवर घेऊन सगळे आत गेले. पण मी तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं. ती बापाच्या खांद्यावरून मागे हात लांब करून रडत होती, आणि तो हात बैलाच्या शेपटीकडे होता.

त्या दिवशी ती पुन्हा खाली उतरली नाही, म्हणजे तिला कोणी उतरू दिलं नाही. रत्नमाला जाताना म्हणाली, मावशी, बैल छान आहे, आपण तो ओट्यावर शोभेला ठेवू. बैल माझ्याकडेच आहे. तो पाय पसरून उभा आहे आणि मी येता-जाता त्याला अडखळते.

तर परिस्थिती अशी आहे. तान्हा पोळा तीन सप्टेंबरला, रविवारी. दुपारी चारला कुंदी बैल घेऊन माझ्या फाटकातून निघेल आणि मारोतरावांच्या दारी जाईल. एकच घर. अंजनाबाईंना मी दिवस, तारीख आणि वेळ तिन्ही सांगून ठेवली आहे, ताट घेऊन त्या उभ्या राहतील. आमच्या दोन फाटकांमधला रस्ता सपाट आहे, उतार त्याच्या अलीकडे आणि पलीकडे. रविंद्र-रत्नमालेला अजून हे पटलेलं नाही, पण तुम्ही दोघं येणार म्हणून त्यांनी नाहीही म्हटलेलं नाही. यंदा तिने हे केलं तर उद्या ती दुसऱ्या घरी जाईल. नाही केलं तर बैल शोभेला जाईल आणि पोरगी कडेवर, आणि डॉक्टर पुढे काय म्हणाले होते ते मी वर लिहिलंच आहे.

पैंजण आणू नकोस. तिच्या पायांना सध्या दुसरं काम आहे, त्यांत वाजण्याची भर नको. बोलकी बाहुलीही नको, घरात बोलणारी माणसं पुरेशी आहेत. सकाळच्या गाडीने ये, दुपारची फार गर्दीची असते. चंद्रभानरावांचं औषध बरोबर घे. टपाल निघायची वेळ झाली म्हणून आवरते. पोराबाळांना माझे आशीर्वाद, आणि कमरेला शेक घे.

तुझी थोरली बहीण,
शामला

ता. क. काय आणायचं ते लिहायचं राहिलं. काही आणू नकोस. रिकाम्या हातांनी ये, आणि ते दुपारी चारपासून अंजनाबाईंचं ओवाळणं होईपर्यंत रिकामेच ठेव. कुंदी पडेल. एकदा तरी पडेलच, मध्ये रस्ता आहे आणि रस्त्याला खड्डे आहेत. तेव्हा तू जागची उठायचं नाहीस. मी तुझ्यासाठी फाटकाशी खुर्ची टाकते. मला ठाऊक आहे मी काय मागते आहे ते. त्या पोरीला जन्मल्यापासून सगळ्यांत जास्त तू उचललं आहेस, आणि तू उचललं नसतंस तर पहिल्या वर्षी ती वाचली नसती हेही मला ठाऊक आहे. पण म्हणूनच तुला सांगते. मी बसा म्हटलं तर तो रेक्टरबाईंचा नियम होतो, आणि नियम मोडायला सगळ्यांना आवडतं. तू बसून राहिलीस तर रत्नमालेला धीर येईल, तिला आला की रविंद्रला येईल. मारोतरावांना मी त्या दिवशी कुंपणाच्या आत कुलूप लावून ठेवणार आहे. कुंदीला वाढदिवसाला तू एवढंच दे. याहून जड काही तुला उचलावं लागणार नाही.

ता. क. २. चंद्रभानराव लवकर रडतात, त्यांना रस्त्याकडे पाठ करून बसवू. आणि तुझ्याकडचा जास्तीचा वरवंटा आण. बैलाच्या पोटातला मी काढणार नाही, आणि चटणीवाचून जेवण जात नाही.

ता. क. ३. रत्नमाला तुला सांगेल की रविवारी कुंदी बसली तेव्हा सगळ्यांच्या आधी तिच्यापाशी पोचले ती मीच, गुडघा दुखत असून, आणि चप्पलसुद्धा न घालता. रत्नमाला तेव्हा किंचाळत होती, तिला नीट दिसलं नसणार. तरीसुद्धा खुर्च्या दोन टाकते, शेजारी शेजारी. तू माझा हात घट्ट धर, मी तुझा धरते, आणि काही झालं तरी सोडायचा नाही. रडू आलं तर खुशाल रडू, पण बसून.